दुसऱ्या माणसाची मंजुरी

३ मार्च, सोमवार

साहेबांना आज एकदाचं सांगून टाकलं. महिनाअखेरीला मला मोकळं करा, म्हटलं. बायकोला दुसऱ्या गावच्या इस्पितळात प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून नेमलंय, शनिवारी सामानाचा ट्रक गेला, ती आणि लेकही गेल्या. वाटलं होतं, साहेब जरा तरी हादरतील. निदान चष्मा तरी काढून ठेवतील. तर म्हणाले, "अरे वा, अभिनंदन! जा की. फक्त जायच्या आधी तुमच्या त्या यंत्रणेच्या चाव्या कुणाच्या तरी हाती द्या. माणूस मी देतो."

जा म्हणायला यांना क्षणाचाही वेळ लागला नाही. बरं.

यंत्रणा काय ते बायकोला सतराशे साठ वेळा सांगून झालंय, तिला जांभया येतात. आता इथे सांगतो, कागद तरी जांभई देत नाही. आमचा कारखाना कृत्रिम पायांचा. मापखोलीत माणसाच्या उरलेल्या पायाचं माप यंत्राने घेतात, साचेखोलीत त्यावरून साचा होतो, मग पाय. सगळी मापं कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर कधी मान टाकेल याचा नेम नाही, म्हणून रोज प्रत्येकातल्या फायलींची एक प्रत मोठ्या सर्व्हरवर जाते. काय न्यायचं, काय सोडायचं, किती वाजता न्यायचं, हे पूर्वी ज्याचं त्याने ठरवलेलं. म्हणजे सगळा आनंदीआनंद! कुणी कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून बॅकअपच बंद केलेला, कुणी भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ भरभरून पाठवलेले. मी आलो आणि सगळ्यांसाठी एकच मुख्य सेटिंग केलं. माझ्या टेबलावर बदललं की कारखानाभर बदलतं. बाकीच्यांच्या पडद्यावर बदलायचं बटण राखाडी दिसतं, दाबलं तरी दबत नाही.

घरी पडदेसुद्धा गेलेत. एक गादी, एक खुर्ची, एक पातेलं. खोकलो तर आवाज घुमला आणि मीच दचकलो.

५ मार्च, बुधवार

साहेबांनी दिलेला माणूस म्हणजे एक बाई निघाली. मोठ्या कंपनीत हेच काम करून आलेली, वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी धाकटी, बोलायला गोड. पण प्रश्न! बाई नाहीच ती, मूर्तिमंत शंका आहे.

"सर, या बटणाला कुलूप कशाला?"

"लोक हात लावतात म्हणून."

"लावला तर काय होतं?"

"बिघडतं."

"दर वेळी?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणते, "आणि सर, तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी आजारी पडत नाही," म्हटलं. खरंच नाही पडत. पडून कसं चालेल?

मनात तिचं नाव शंकाबाई ठेवलंय. तोंडातून निसटू नये म्हणजे मिळवली.

७ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. रडवेली झाली होती. काल शाळेची चित्रफीत मैत्रिणींबरोबर जुळवत होती आणि रात्री साडेनऊला तिचा फोन बंद झाला. होणारच, मीच तसं सेटिंग केलंय. घरातले तिन्ही फोन माझ्या फोनवरून चालतात. कुणाला वेळ वाढवून हवा असेल तर मला विनंती येते, मी मंजूर केली की पुढे चालू. काल साहेबांकडे जेवायला बसलो होतो, विनंती पाहिलीच नाही.

"बाबा, अर्धा तास वाट बघितली मी."

"अगं, नियम म्हणजे नियम. आधी सांगायचं."

"आधी कसं कळणार?"

आईवर गेलीय. पण शिस्त लागते ती अशीच. नंतर ही फोनवर आली, म्हणाली, "तू तिथून किती गोष्टी चालवणार आहेस?" म्हटलं, आहे तोवर चालवतो. तिने फोन ठेवून दिला. दमली असेल, नवीन घर लावायचं म्हणजे चेष्टा नाही.

१० मार्च, सोमवार

मापकाका भडकले. हे मापखोलीचे प्रमुख. माणसाच्या पायाला हात लावला की पाय बोलतो म्हणे त्यांच्याशी. कॉम्प्युटर मात्र बोलत नाही, म्हणून त्याच्यावर राग.

भानगड अशी. बॅकअपची वेळ मी सगळ्यांसाठी जेवणाच्या सुट्टीची ठेवलीय, कारण संध्याकाळी लोक कॉम्प्युटर बंद करून पळतात. सुट्टीत सगळे डबा खातात, कॉम्प्युटर रिकामे, प्रती निघून जातात. मापखोलीत मात्र लांबून येणारी माणसं नेमकी तेव्हाच पोचतात. माप घेताना माणसाने धड पायावर उभं राहायचं, दांडी धरायची, दुसरा पाय अधांतरी ठेवायचा आणि हलायचं नाही. प्रकाशाची रेघ वरून खाली येते. बॅकअप सुरू असला की ती मध्येच अडते. माणूस हलला की पुन्हा पहिल्यापासून.

शंकाबाई लगेच, "सर, मापखोलीचा वेगळा गट करू. त्यांची वेळ पाचची ठेवू. ते तर सहापर्यंत असतातच."

"एकाला सूट दिली की उद्या साचेखोली येते, परवा हिशेबवाले. मग मुख्य सेटिंग कसलं ते!"

"पण सगळ्यांचं काम सारखं नाहीये ना."

"म्हणूनच सेटिंग सारखं पाहिजे."

हे वाक्य मला तेव्हा फार पटलं होतं. आता लिहिताना जरा विचित्र दिसतंय. असो.

१३ मार्च, गुरुवार

साहेबांनी दारातच पकडलं. "बाईंना अधिकार दिलेत का?"

देतो म्हटलं. आणि दुपारी असा तोडगा काढला की माझाच मला हेवा वाटला. यंत्रणेत एक सोय आहे: मुख्य सेटिंगमध्ये काहीही बदलायचं तर एकाने विनंती टाकायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची. ती चालू केली. विनंती टाकणार शंकाबाई, मंजूर करणार मी. मंजुरीच्या यादीत माझं एकट्याचं नाव. अधिकार दिले म्हणून साहेब खूश, आणि माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पान हलायचं नाही म्हणून मीही खूश. साप मेला आणि काठीही शाबूत.

लेकीकडून दोन दिवस एकही विनंती नाही. बघा, शिस्त लागली.

१४ मार्च, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण.

सकाळी हिशेबखोलीतला नवा कॉम्प्युटर मुख्य सेटिंगखाली घ्यायचा होता. नेहमीसारखं केलं. पडदा म्हणतो: आपली विनंती दुसऱ्या व्यक्तीच्या मंजुरीसाठी पाठवली आहे. दुसरी व्यक्ती? यादी उघडली, तर मंजूर करणारा एकटा मी. माझ्याच नावावर टिचकी मारली: स्वतःची विनंती स्वतः मंजूर करता येणार नाही.

 मग म्हटलं, नियमच काढून टाकू. तर तो काढायलाही दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी! यादीत आणखी एखादं नाव घालू म्हटलं. त्यालाही मंजुरी!

हे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला दार लावून फोन केला. तिकडची मुलगी अगदी मंजुळ आवाजात म्हणाली, "हो सर, ते सुरक्षेसाठीच तसं आहे. एकाच माणसाच्या हाती सगळं राहू नये म्हणून."

"अहो, पण तो माणूस मी आहे!"

"हो सर. आम्हालाही बाहेरून काही करता येत नाही. तुमच्या सहकाऱ्यांना विनंती टाकायला सांगा, तुम्ही मंजूर करा. काम होऊन जाईल."

म्हणजे इतकी वर्षं मी बांधलेल्या घरात आता मला खिडकी उघडायची तर शंकाबाईने आधी अर्ज करायचा. माझ्या हाती फक्त हो किंवा नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर बैलही दुसऱ्याच्या गोठ्यात.

तिला सांगितलं नाही. सांगणार कसं? म्हटलं, "आजपासून बदल तुम्ही टाकायचे, मी बघणार. सरावासाठी." ती म्हणाली, "चालेल सर." आणि हसली. तशी ती नेहमीच हसते, पण हे हसणं मला आवडलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

तीन दिवस असं चाललंय: मी सांगतो, ती टाकते, मी मंजूर करतो. साचेखोलीच्या जुन्या फायली वगळायला सांगितल्या तर हात आवरून बसली. "सर, हे मला पटत नाही. लोक सात-आठ वर्षांनी दुसरा पाय करायला येतात, तेव्हा जुनं माप बघतात. मी नाही टाकणार ही विनंती."

 करणार काय होतो? बाहेर जाऊन विनाकारण पाणी पिऊन आलो.

मग साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, बाई हुशार आहेत पण अजून कच्च्या आहेत, यंत्रणा नाजूक आहे, मला आणखी महिनाभर थांबावं लागेल. एप्रिलअखेर धरू. साहेबांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "तुमची मर्जी," म्हणाले.

मर्जी कसली? इथे कुणाला हौस आहे! मी जातोय कुठे, मला जाताच येत नाहीये. मंजूर करणारा एकटा मी, मी गेलो की सगळं ठप्प.

हिला फोन करून सांगितलं, साहेब सोडायला तयार नाहीत. रागावेल, भांडेल, अशी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "इथे सगळं नीट चाललंय." किती समजूतदार आहे! पण फोन ठेवल्यावर का कोण जाणे, खुर्चीतून उठवेना. पातेल्यात चहा टाकला होता तो उतू गेला, तरी बसूनच होतो.

२१ मार्च, शुक्रवार

शंकाबाईच्या विनंत्या साठल्यात. मापखोलीचा वेगळा गट. मापखोलीला आपली वेळ आपण ठरवता यावी. साचेखोलीला बॅकअप थोडा वेळ थांबवता यावा. सगळ्या तशाच ठेवल्यात. नामंजूर केलेल्या नाहीत, फक्त मंजूर केलेल्या नाहीत. दोन्हीत फरक आहे.

२५ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सुट्टीत मी डबा उघडला तोच मापखोलीतून आवाज आला. धावलो. एक बाई, साठीच्या आसपासच्या, खाली बसल्या होत्या. पडल्या नव्हत्या, मापकाकांनी वेळीच धरलं होतं, पण त्या सारख्या म्हणत होत्या, "माझंच चुकलं, मला उभं राहता येईना." रेघ तीनदा अडकली होती. तीनदा त्या पहिल्यापासून उभ्या राहिल्या होत्या.

मापकाकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, "तुमचं काही चुकलेलं नाही, ताई," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ये, उभा राहा इथे."

"मी कशाला?"

"उंटावरून शेळ्या हाकतोस ना रोज? आज खाली उतर. धर ती दांडी. एक पाय उचल."

त्यात काय, म्हणून उभा राहिलो. शंकाबाई दारात होती, तिच्यासमोर नाही कसं म्हणणार! रेघ निघाली. कमरेपाशी आली आणि थांबली. बाहेर माझा बॅकअप चालला होता, अगदी मी सांगितलेल्या वेळेला. मांडीला आधी कळ लागली, मग ती आपोआप उडायला लागली. दांडी घामाने सरकत होती. मापकाका म्हणाले, "हलू नकोस. हललास की पहिल्यापासून." रेघ बोटभर खाली आली आणि पुन्हा थांबली. मला काहीच करता येत नव्हतं. माझं सेटिंग, माझी वेळ, आणि मला बटणाला हात लावता येत नव्हता, कारण बटण इथेही राखाडीच होतं.

पाय टेकला.

"तुला दुसरा पाय होता म्हणून टेकलास," मापकाका म्हणाले, आणि त्या ताईंना विचारायला गेले की चहा हवा का.

मी टेबलाशी आलो आणि मापखोलीच्या दोन्ही विनंत्या मंजूर केल्या. लाज वाटत होती. अजून वाटतेय.

२६ मार्च, बुधवार

मापखोलीने आपली वेळ पाचची ठेवली. मी पाचपासून पडद्यापाशी बसून होतो, की आता बोंब होईल. काही झालं नाही. सगळी मापं सर्व्हरवर पोचली, एकही फाईल सुटली नाही. पुन्हा तपासलं. मग पुन्हा एकदा. खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं.

कालच्या त्या ताईंचं माप आज सुट्टीत झालं. एकदाच उभ्या राहिल्या.

२८ मार्च, शुक्रवार

रात्रीचं जेवण उरकून लेकीला सहज फोन केला. उचलला! घड्याळ पाहिलं, तर दहा वाजून गेलेले. म्हटलं, तुझा फोन चालू कसा?  मागून हिचा आवाज आला, "दे इकडे."

"मी काढलं ते सेटिंग, दोन्ही फोन कोरे करून," ही म्हणाली. "इथे आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. तुझं उत्तर आलं नाही."

माझ्या फोनवर पाहिलं. आली होती तिची विनंती. तशीच पडून होती. म्हणजे शिस्तबिस्त काही नव्हती, दोन आठवडे दोघींना माझ्या मंजुरीची गरजच नव्हती.

"तू साहेबांना काय सांगितलंस ते मला कळलंय," ती म्हणाली. "मी फोन केला होता त्यांना. म्हटलं, का अडवताय हो माझ्या नवऱ्याला? ते बिचारे म्हणाले, वहिनी, मी तर एकतीसलाच सोडत होतो."

मी यंत्रणेचं सांगायला लागलो. विनंती, मंजुरी, दुसरी व्यक्ती. तिने सगळं ऐकून घेतलं, या वेळी जांभई नाही दिली.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा," म्हणाली. "मला तारीख नको सांगूस. कारण नको सांगूस. तू येणार आहेस का? हो किंवा नाही, एवढंच सांग. आत्ता नको. खरं असेल तेव्हा सांग."

फोन ठेवला तिने. भीती वाटली. तिची नाही. असं वाटलं की तिथे गेलो आणि सगळं आधीच नीट चाललेलं असलं, तर मी तिथे करायचं काय?

३१ मार्च, सोमवार

बसमध्ये लिहितोय, अक्षर नाचतंय.

दुपारी शंकाबाईची विनंती आली. नेहमीसारखी पडद्याच्या कोपऱ्यात. उघडली.

बदल: मंजुरीच्या यादीतून सध्याचं नाव काढावं. त्या जागी मापखोलीच्या प्रमुखांचं नाव घालावं.

कधीपासून: ताबडतोब.

कारण: यांना घरी जायचं आहे.

खाली दोन बटणं. मंजूर. नामंजूर. कारखान्यात हे बटण दाबू शकणारा माणूस एकच.

आधी संताप आला. मापकाका? ज्यांना माऊस धरता येत नाही ते? उठून तिच्या टेबलाशी गेलो. "हे काय आहे?"

"सर, मी त्यांना सगळं शिकवलंय. ते फार प्रश्न विचारतात," ती म्हणाली. "आणि साहेबांनी तुमची तारीख बदललेलीच नव्हती. म्हणाले, बघू, स्वतःहून जातात का."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मी अडकलोय ते?"

"चौदा तारखेपासून, सर. सराव म्हणालात ना, तेव्हाच. आमच्या त्या मोठ्या कंपनीत माझ्या आधीच्या माणसाचं असंच झालं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी टाकली असती विनंती त्याच दिवशी. तुम्ही मंजूर केली असती?"

परत येऊन बसलो. विनंतीत काही चूक सापडते का बघितलं. नव्हती. मापखोलीकडे नजर गेली, तिथे कुणीतरी नव्या पायावर दांडी धरून चालून बघत होतं आणि मापकाका उलटे, मागे मागे चालत होते, हात पुढे करून, पण हात न लावता.

मंजूर दाबलं.

पडदा एकदा पांढरा झाला. मग आलं: हे पान पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही.

झालं! एवढंच. टेबलावरून डबा घेतला, खणातला चष्म्याचा डबा घेतला. मापकाकांना नमस्कार करायला वाकलो तर म्हणाले, "दोन्ही पायांवर जा," आणि पाठीवर असा दणका दिला की अजून दुखतंय. शंकाबाईला तोंडावर शंकाबाई म्हणून आलो. "माहीत होतं सर," म्हणाली. त्या बाईला सगळंच माहीत असतं.

बस सुटल्यावर हिला फोन केला.

"हो," म्हटलं.

"काय हो?"

"तू विचारलं होतंस ना परवा. हो किंवा नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज होता, तो थांबला. लेकीला ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

"मग एक ताट वाढवते," ती म्हणाली. "आणि ऐक, आल्या आल्या कशाला हात लावायचा नाही."

मी मंजूर म्हटलं.